महालिंगचे पाच हजार किलोमीटर

महालिंग गेल्याचं मला सकाळी सात वाजता सुमननं, माझ्या बायकोनं, सांगितलं. त्या क्षणी माझ्या मनात आलेला पहिला विचार दुःखाचा नव्हता. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिणं सोपं जाईल. मनात आलं, आता त्याच्या गाडीचा आणि माझ्या गाडीचा निकाल कधीच लागणार नाही. मग मी अनवाणीच निघालो. त्याचं घर आमच्यापासून तिसरं. तो व्हरांड्यातल्या खुर्चीत बसल्या बसल्या गेला होता. शेजारी कप रिकामा होता, म्हणजे चहा पूर्ण पिऊन गेला. त्याचं सगळं असंच, वेळापत्रकाबरहुकूम. दुपारी लिंगायत रिवाजाप्रमाणे त्याला बसवून समाधी दिली. कपाळावर विभूती, पाठ ताठ, हात मांडीवर. गाडी चालवताना तो अगदी असाच बसायचा... आणि मी तिथेही, इतक्या माणसांत उभा राहून, माझी पाठ वाकली आहे का ते बघत होतो.

आम्ही दोघंही पूर्णेचे, एका शाळेतले. मी पुस्तकांकडे गेलो, तो इंजिनाकडे. मी परभणीच्या कॉलेजात तीस वर्षं इतिहास शिकवला; तो तेवढीच वर्षं रेल्वेचं इंजिन चालवत राहिला. निवृत्तीनंतर त्यानं परभणीत आमच्याच कॉलनीत घर बांधलं, तेव्हा सगळ्यांनी मला विचारलं, आनंद झाला असेल ना. झाला होता. पण त्याचबरोबर एक जुना सलही वर आला. मी इतकी व्याख्यानं दिली, पण माणसं माझ्याकडे व्याख्यानापुरतीच यायची. महालिंगकडे ती कशासाठीही जायची. माझी आई शेवटच्या आजारात होती. मी तिच्या उशाशी बसून होतो. तिनं डोळे उघडले, माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "महालिंग आला का?" ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती.

गाड्या आम्ही एकाच आठवड्यात घेतल्या, अगदी एकच मॉडेल. त्याची पांढरी, माझी लाल. इंजिन एक लिटरचं, तीन सिलिंडरचं, आणि त्याला टर्बो. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुरावर फिरणारा एक छोटा पंखा. तो जास्तीची हवा आत कोंबतो, म्हणून एवढंसं इंजिन मोठ्या गाडीसारखं पळतं. हे मला पुस्तिका वाचून समजलं. गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेला कॉलनीतला मी एकटाच माणूस असेन. तिच्यात स्वच्छ लिहिलं होतं की इंजिन ऑइल दहा हजार किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा बदलावं. महालिंग पाच हजाराला बदलायचा. वाद इथून सुरू झाला आणि साडेचार वर्षं चालला.

"अरे, कंपनीनं दहा हजार लिहिलंय," मी म्हणायचो. "तुला कंपनीपेक्षा जास्त कळतं का?"

"त्याच्याच खाली बारीक अक्षरात काय लिवलंय ते वाच की, प्रोफेसर. धूळ, ऊन, जवळजवळच्या फेऱ्या असल्या तर निम्म्यावर बदला म्हणून."

"ते वाळवंटासाठी आहे."

"मे महिन्यात दुपारी चारला बाहेर निघ आन् मग मला सांग वाळवंट कुठंय ते."

त्याचं म्हणणं साधं होतं. टर्बोचा पंखा तापून लाल होतो आणि तो सगळा तेलाच्या एका पातळ थरावर फिरत असतो. इंजिन लहान, त्यात तेल थोडं, त्यामुळे त्या तेलाला विसावा नाही. "भज्याच्या कढईतलं तेल तू किती डाव वापरशील? इंजिन मुकं असतंय. पोटात दुखलं तरी सांगत न्हाई. सांगतंय तवा लय उशीर झालेला असतोय." गाडी थांबवल्यावर तो लगेच बंदही करायचा नाही, मिनिटभर तशीच चालू ठेवायचा, पंख्याची धग निवावी म्हणून. मी मात्र फाटकाशी पोचलो की त्याला ऐकू जाईल अशा बेतानं गाडी पटकन बंद करायचो. साठी उलटलेला, इतिहासाचा माजी विभागप्रमुख असलेला माणूस हे करत होता.

आणि वर्षातून एकदा मला गंमत बघायला मिळायची. महालिंग सकाळी सकाळी फाटकात उभा राहायचा. "प्रोफेसर, तुझी गाडी दे रे आजच्या दिवस. जिंतूरला बहिणीकडं जायलोय. माझी गॅरेजला हाय." मला काय आनंद व्हायचा! पाच हजाराला तेल पाजलेली गाडी गॅरेजात, आणि दहा हजाराची गाडी तिच्या मदतीला धावते आहे. मी किल्ली द्यायचो आणि दिवसभर भेटेल त्याला ही बातमी सांगायचो. संध्याकाळी तो गाडी धुऊन आणून लावायचा, किल्ली देताना म्हणायचा, "लय गुळगुळीत चालायली तुझी गाडी." हे वाक्य मी पुढे वर्षभर पुरवून पुरवून वापरायचो.

तिसऱ्या वर्षी तर कहर झाला. मी गाडी तीस हजाराच्या सर्व्हिसिंगला नेली होती. तिथला माणूस काढलेलं तेल बोटावर घेऊन म्हणाला, "सर, हे दहा हजार चाललेलं वाटत नाही. फार स्वच्छ निघालं." मी घरी न जाता सरळ महालिंगच्या व्हरांड्यात गेलो. तो शेंगा फोडत होता. मी सगळा प्रसंग सांगितला, बोटावरच्या तेलासकट. त्यानं ऐकून घेतलं, एक शेंग माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाला, "मग तुझंच खरं, प्रोफेसर."

पन्नास-पंचावन्न वर्षांच्या ओळखीत हे वाक्य त्यानं एकदाच उच्चारलं. पोहण्यात तो पुढे, माणसं जोडण्यात तो पुढे, माझ्या स्वतःच्या आईच्या तोंडी त्याचं नाव. माझ्या खात्यावर जमा एवढंच, की ऑइलच्या बाबतीत माझं खरं होतं.

शेवटचं भेटलो ते तो जाण्याच्या तीन दिवस आधी. त्यानं विचारलं, "किती झाले रे तुझे?" मी म्हणालो, "चव्वेचाळीस हजार आणि वर थोडे." तो म्हणाला, "मग फुडल्या महिन्यात लागंल गाडी. जिंतूरला जायचंय." मी विचारलं, "आणि तुझी?" "गॅरेजला," तो म्हणाला. मी हसलो. तोही हसला... ते हसणं मला तेव्हा खजील वाटलं होतं.

तेराव्या दिवसानंतर कॉलनीनं शोकसभा ठेवली. फ्लेक्सवर त्याचा फोटो कुठल्यातरी लग्नातला होता, डोक्यावर फेटा, चेहऱ्यावर हसू. कॉलनीच्या अध्यक्षांनी त्याला राष्ट्राच्या प्रगतिरथाचा सारथी म्हटलं. ज्या माणसानं आयुष्यभर मालगाड्या ओढल्या, त्याला हे ऐकून बरं वाटलं असतं का, मला शंका आहे. मग माणसं उठून बोलायला लागली; कॉलनीत सगळे त्याला आप्पा म्हणायचे. "आप्पांनी माझ्या आईला दवाखान्यात नेलं." "आप्पांनी माझ्या मुलीला गाडी शिकवली." "आप्पांनी विहिरीत उतरून आमची मोटर बघितली." दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत प्रत्येकाकडे त्याचं काहीतरी होतं. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. "सर, तुम्ही तर बालमित्र." मी उभा राहिलो आणि मला सांगता येईना. माझ्यासाठी त्यानं काय केलं होतं? माझीच गाडी नेली होती चार वेळा. मी दोन वाक्यं बोलून बसलो. खरं सांगायचं तर त्या सगळ्यांचा मला हेवा वाटला. जगाच्या उपयोगी पडलेला हा माणूस माझ्या वाट्याला फक्त वाद घालायला आला, असं वाटून घरी येईपर्यंत मी रागावलेला होतो. मेलेल्या माणसावर.

महिन्याभरानं वहिनींनी, महालिंगच्या बायकोनं, निरोप पाठवला. त्याची गाडी उभीच होती, मुलगा पुण्यात. "भाऊजी, तेवढी जिंतूरला बसवराजकडं नेऊन आणता का? ह्यांचं म्हणणं असायचं, गाडी उभी ऱ्हायली तरी तेल जुनं होतंय." बसवराज म्हणजे महालिंगचा भाचा, बहिणीचा मुलगा, जिंतूरच्या रस्त्याला त्याचं गॅरेज आहे. हा भाचा मेकॅनिक असल्याचं मला तेव्हाच समजलं. मी त्याची पांढरी गाडी पहिल्यांदाच चालवली. ती माझ्या गाडीइतकीच गुळगुळीत चालत होती, जास्त नाही, हे मी वाटेत दोनदा मनाशी नोंदवलं.

बसवराज चाळिशीचा, मामासारखाच ताठ पाठीचा. त्यानं पांढऱ्या गाडीकडे नुसतं पाहिलं आणि विचारलं, "हिची काय घाई न्हवती सर. तुमची कवा आणणार? पंचेचाळीस व्हत आले असतील की."

"माझी? माझं कंपनीत होतं. दहा हजाराला."

तो हातातलं फडकं पिळत राहिला. मग हळूच म्हणाला, "मामानं तुमाला काईच सांगितलं न्हाई का? अवो, दरवर्षी तुमची गाडी घिऊन यायचे की. तेलाचा डबा, फिल्टर, समदं संगट आणायचे. म्हणायचे, बसू, प्रोफेसर पुस्तकाच्या बाहेरचं ऐकत न्हाई. आपुन मधल्या मधी बदलून टाकू."

"आणि त्याची गाडी? ती तर गॅरेजला असायची त्या दिवशी."

"धुवायला टाकायचे. तुमाला दिसू ने म्हणून."

परतीचे चाळीस-बेचाळीस किलोमीटर मी कसे आलो ते आठवत नाही. घरी येऊन माझ्या लाल गाडीचं बॉनेट उघडायला गेलो, तर साडेचार वर्षांत मी ते कधी उघडलंच नव्हतं. सुमननं स्टिअरिंगखाली हात घालून एक दांडी ओढली आणि बॉनेट टक्कन उचललं गेलं.

"तुला कसं माहीत?"

"महालिंगभाऊजींनी दाखवलं होतं."

"म्हणजे तुलाही सगळं माहीत होतं."

"तुम्हाला सांगितलं असतं तर गाडी नेऊ दिली असती का?" ती म्हणाली आणि आत गेली.

बॉनेटच्या आतल्या बाजूला, कोपऱ्यात, कागदाची एक पट्टी चिकटवलेली होती, वरून पारदर्शक टेप. निळ्या शाईत चार ओळी. ४,८७०. १५,११०. २४,९६०. ३५,०४०. आणि खाली : पुढे ४५,०००. आकडे रुळांसारखे सरळ. सर्व्हिसिंगच्या माणसांची नजर दर वर्षी या पट्टीवरून नुसतीच फिरली असणार. पुस्तिका पाठ असलेल्या मालकाला तेवढी ती माहीत नव्हती.

मी तिथेच पायरीवर बसलो. आधी राग आला. त्यानं माझा एकुलता एक विजय माझ्या हातून काढून घेतला होता, आणि तोही स्वतःच दिलेला. शेंग सरकवत "तुझंच खरं" म्हणताना याला काय वाटलं असेल? मी असतो तर तिथल्या तिथे सांगून टाकलं असतं. चारचौघांत सांगितलं असतं. त्यानं साडेचार वर्षं जीभ आवरली, माझी टवाळी ऐकली, आणि वर गाडी धुऊन आणून दिली... याचाही मला हेवाच वाटला. शोकसभेत सांगण्यासारखं माझ्याकडेही होतं तर. इतरांपेक्षा जास्त होतं.

गेल्या आठवड्यात आकडा पंचेचाळीस हजाराला टेकला. मी जिंतूरला गेलो. बसवराजनं तेल बदललं, हात पुसले आणि खिशातलं पेन माझ्यापुढे धरलं. "लिवा सर. हे काम मामाच करायचे." पट्टीवर जेमतेम एका ओळीची जागा उरली होती. बॉनेटखाली वाकून, उलट्या हातानं मी लिहिलं. ४५,०२०. पुढे ५५,०००. आकडे उतरत गेले. वर त्याच्या ओळी, खाली माझी. शाळेत सुंदर अक्षराचं बक्षीस मला मिळालं होतं, पण रेल्वेतल्या या माणसाचं अक्षर माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं होतं.

कॉलनीत परतलो तेव्हा वहिनी त्याच्याच खुर्चीत बसल्या होत्या. मी त्यांच्या फाटकाशी गाडी थांबवली. बंद केली नाही. पंखा निवेपर्यंत मिनिटभर थांबायचं होतं.

"झालं का भाऊजी?" त्यांनी विचारलं.

"झालं," मी म्हणालो. "वहिनी, त्याचंच खरं होतं."

"ते त्यांना माहीत होतं," त्या म्हणाल्या.