मोजणीबाईंची तुटकी

मोजणीबाईंनी उभ्या आयुष्यात रानातला सिंह प्रत्यक्ष पाहिला नव्हता. जीपमध्ये बसलं की दहाव्या मिनिटाला त्यांना उलटी व्हायची, आणि गुडघे दुखायला लागल्यापासून तर साहेबांनी विचारणंच सोडलं होतं. वनखात्याच्या कचेरीतल्या मागच्या खोलीत, फाइलींच्या कपाटाला पाठ लावून त्या बावीस वर्षं बसल्या. झाडांना बांधलेल्या कॅमेऱ्यांची कार्डं वनरक्षक दर पंधरा दिवसांनी आणून द्यायचा आणि बाई एकेक फोटो बघून कोणतं जनावर, कुठे, किती वाजता, ते नोंदवायच्या. हजारातले आठशे फोटो नुसत्या हलणाऱ्या गवताचे. पण सिंह ओळखावा तो बाईंनीच. शिकून आलेले लोक फोटोवर पट्टी लावून मोजत बसायचे, तोवर बाई मिशांच्या मुळाशी असलेल्या ठिपक्यांवरून सांगून मोकळ्या.

त्यांचा सगळ्यात जास्त जीव तुटकीवर. डाव्या कानाचा लचका गेलेली ही सिंहीण. कळपातल्या बाकीच्या सिंहिणी आजाराने गेल्या, रानरेड्याच्या लाथेने हिचा जबडा वाकडा झाला, लागोपाठ दोन उन्हाळे पाणी आटलं, तरी बया टिकून! एका फोटोत समोर तीन तरसं, पोटाखाली दोन छावे, आणि ही एकटी दात विचकून उभी. तो फोटो बाईंनी घरी नेऊन शिलाई मशीनच्या वर लावला. त्यांचे यजमान शिंपी. ते रोज संध्याकाळी विचारायचे, "काय, आमच्या मेव्हणीबाई बऱ्या आहेत ना?"

मग एका कार्डात तुटकीच्या गळ्यात तार दिसली. कुणीतरी हरणांसाठी लावलेला फास, तो तोडून ती आलेली. तीन तारखेला तार सैल होती. अकराला मानेत रुतली होती. आणि बाई हे बघत होत्या अठराला. या नोकरीचं हेच वाईट, जे दिसतं ते होऊन गेलेलं असतं. मधल्या सात दिवसांत ती जगली की नाही, हे कळायलाही मार्ग नव्हता.

बाईंनी कचेरी डोक्यावर घेतली. भुलीची बंदूक घेऊन जनावरांचा डॉक्टर आला. वनरक्षकाने त्याच्याबरोबर चार दिवस जिवाचं रान केलं. पाचव्या दिवशी सकाळी नाल्याजवळ ताजे ठसे मिळाले, तेव्हा ते तिथेच जीप लावून बसले. नऊ वाजता वनरक्षकाचा फोन आला. "बाई, दोन तास झाले बसून. इथंच थांबू की पुढे जाऊ?"

"तळ्यावर जा," बाई म्हणाल्या. "दहाच्या आत ती तळ्यावर येतेच. पाच वर्षं बघतेय मी तिला."

तळ्यावर ती आली नाही. अंधार पडेपर्यंत बसूनही नाही. त्या रात्री धुळीचा वारा सुटला आणि सगळे ठसे पुसले गेले. डॉक्टरला दुसरीकडून बोलावणं होतं, तो गेला. बाईंना घास जाईना. यजमानांनी मेव्हणीचं विचारणं बंद केलं.

पुढची कार्डं आली तेव्हा वनरक्षक खुर्ची ओढून बाईंच्या शेजारीच बसला. नाल्याच्या कॅमेऱ्यात आधी जीप दिसली, वळून निघालेली. वेळ नऊ वाजून दहा. मग गवत. मग नऊ बत्तीसला तुटकी. मान सुजलेली, तोंड उघडं, मागे दोन छावे. जीपच्या चाकांचे ठसे होते त्यांच्यावरच ती बसली. दुपारी दोनपर्यंत तिथेच. छावे अंगावर चढत होते, आणि तशाही अवस्थेत ती एकेकाला चाटत होती. मग उठून गेली. त्यानंतर कितीतरी फोटो नुसतं गवत. पाच दिवसांनी छावे, दोघेच. त्यानंतर एकच.

बाईंना रडूही येईना. नुसती लाज वाटत होती, आपल्याला ती कळते असं इतकी वर्षं मिरवल्याची.

"मीच पाठवलं तुम्हाला तळ्यावर," त्या म्हणाल्या.

वनरक्षकाने पडद्यावर जीपचा फोटो परत आणला. "निघताना मागे गवत हललेलं दिसलं होतं मला, बाई," तो म्हणाला. "डॉक्टरांना सांगणारच होतो. मग म्हटलं, राहू दे, बाईंना जास्त माहीत."