वाएलला वाचता येईल अशी भाषा

प्रोग्रामिंगच्या भाषांवरून जोर्जेत खुझामीशी वाद घालायची अख्ख्या बेरूतमध्ये कुणाची छाती नव्हती. बदारोतल्या रक्तपेढीचे संगणक ती कित्येक वर्षं सांभाळत होती आणि तिची मतं पक्की होती. वीज गेली, गल्लीतला जनरेटर सुरू झाला, की बंद पडलेलं सगळं पुन्हा उठवायचं? त्याला शेल, चार ओळींत काम फत्ते. रक्ताचा साठा कुठवर पुरेल याचा हिशेब? पायथन. आणि इस्पितळांचे संदेश वाचायला पर्ल, दुसरं नाव काढायचं नाही. ते संदेश म्हणजे निव्वळ खिचडी. अर्धं अरबी, अर्धं फ्रेंच, मध्येच अक्षरांच्या जागी आकडे. त्यातून रक्तगट अचूक उचलून दात्याला निरोप धाडायचा. निरोप चुकला तर माणूस जातो, इतकं साधं.

"मादाम, सगळं एकाच भाषेत लिहा की," तिच्या हाताखालचा वाएल कुरकुरायचा.

"तू मसुरीचं सूप काट्याने पितोस का रे?"

पर्लची ती गिचमिड तिच्याशिवाय कुणालाच वाचता येत नव्हती. खरं सांगायचं तर तिला त्याचा थोडा तोराच होता.

मग आईला कायमचं आपल्याकडे बोलावून घ्यायला माँट्रियलहून लेकीने केलेला अर्ज मंजूर झाला. जोर्जेत कुणाला काही बोलली नाही. तिच्या हाताखालची आधीची पोरं दुबईला, पॅरिसला निघून गेली तेव्हा त्यांचा पसारा तिनेच निस्तरला होता. तिचा कोण निस्तरणार? इथले निरोप थांबले असते, तर तिला तिकडे घास गोड लागला नसता.

एकदा वाएल कॉफी घेऊन आला आणि तिच्या पडद्याकडे पाहून थबकला.

"पर्लचं पायथन करताय? तिप्पट लांबलंय हे."

"लांबू दे."

"या कामाला पर्लच, असं म्हणून आमचं डोकं खाल्लंत तुम्ही."

"अजूनही पर्लच चांगलं आहे," ती म्हणाली. "पण तुला पायथन येतं."

वाएलने कॉफी खाली ठेवली. असल्या बोलण्याचा अर्थ बेरूतमध्ये पोराटोरांनाही कळतो.

"कधी निघताय?"

"पुढच्या महिन्यात. फार जड जातंय रे. पण तू हे चालवशील, त्याची मला काळजी नाही."

तो खुर्ची ओढून शेजारी बसला आणि त्याने पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं.

"ही काय करते?"

ती ओळ त्याला झोपेतही लिहिता आली असती, हे जोर्जेतला पक्कं ठाऊक होतं. तिने चष्मा पुसला आणि त्याला ती नीट समजावून सांगितली.