इंदूताई आणि ताटकळलेली माणसं

इंदूताई परांजपे जुन्या चित्रासमोर उभ्या राहिल्या की राजाकडे सगळ्यात शेवटी बघायच्या. आधी कडेची माणसं, मग घोडे, मग नोकरचाकर, आणि अगदीच वेळ उरला तर सिंहासन. मी त्यांना पहिल्यांदा भेटले तेव्हा त्या दरबाराच्या एका चित्राला जवळजवळ नाक लावून उभ्या होत्या. मागे न वळताच त्यांनी विचारलं, "सांग बघू, यात वाट कोण बघतंय?"

साल एकोणीसशे सत्तर. यजमानांची कलकत्त्याला बदली होऊन वर्ष झालं होतं. ते सकाळी बालीगंजहून गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत जात आणि मी दिवसभर घरात एकटी. एका हळदीकुंकवात कळलं, की एक जुनं जमीनदार घराणं आपला चित्रसंग्रह लोकांना खुला करणार आहे, त्याची यादी करणाऱ्या बाई आपल्यातल्याच आहेत, आणि त्यांना हाताखाली चांगल्या अक्षराचं कुणीतरी हवंय. म्हणून मी गेले होते.

"राणी," मी म्हणाले. ती सज्ज्यात जाळीआड बसली होती.

"छे! तिला टेकायला लोड तरी आहे. हा बघ." खांबाआड एक म्हातारा होता. काखेत गुंडाळलेला कागद, आणि एक पाऊल दुसऱ्या पावलावर ठेवलेलं. "अर्ज घेऊन आलाय. सकाळपासून ताटकळतोय बिचारा. वाट बघणारा माणूस चेहऱ्यावरून नाही कळत गं, पावलांवरून कळतो."

त्यांचे आजोबा नोकरीसाठी इथे आले आणि इथलेच झाले. इंदूताईंचं मराठी पुण्याच्या माणसासारखं स्वच्छ, फक्त 'जरा'ला त्या 'एकटू' म्हणायच्या. "एकटू थांब, एकटू उजेडात धर." पन्नाशी उलटलेली, लग्न केलेलं नाही, खांद्याला कापडी झोळी. तिच्यात भिंग, मोजपट्टी आणि मुरमुऱ्यांचा पुडा. चित्राची लांबी-रुंदी मी लिहायची, वर्णन त्या सांगायच्या. नदीकाठच्या एका चित्रात गोरा साहेब गलबतातून उतरत होता, पण इंदूताईंनी सुरुवात केली ती काठावर पालखी टेकवून बसलेल्या भोयांपासून. मी म्हटलं, "साहेबाचं नाव आधी लिहायला नको?"

"साहेबाचं नाव चौकटीवर आहेच की. या चौघांचं कुठे आहे?"

त्या पहिल्यांदा आमच्या घरी आल्या तेव्हा चहा होईपर्यंत खोलीभर फिरल्या. भिंतीला एक खिळा नाही. कोपऱ्यात तीन लाकडी खोकी, सुंभ बांधलेली, तशीच.

"यात काय आहे?"

"माझी पुस्तकं. बी.ए.ची. लग्न झालं म्हणून एम.ए. राहिलं. आता कुठे सोडायची? बदली कधीही येईल."

त्यांनी सुंभाची गाठ बोटाने चाचपली. मग म्हणाल्या, "शैला, चित्रातल्या माणसाला इलाज नसतो. चितारणाऱ्याने उभं केलं तिथे तो दोनशे वर्षं उभा. तुला कुणी चितारलंय का?"

मला राग आला. पण दुसऱ्या दिवशी मी सुंभ कापला, आणि महिन्याभरात बाहेरून एम.ए.ला बसण्याचा अर्ज भरला. इतिहास घेतला. दुपारी यादीचं काम झालं की इंदूताई शिकवायच्या. तारखा पाठ करू देत नसत. "आधी सांग, त्या दिवशी कोण कशाची आशा धरून होतं? मग तारीख आपोआप लक्षात राहील."

शहरात ती वर्षं धामधुमीची होती. परीक्षा जाहीर व्हायच्या आणि पुढे ढकलल्या जायच्या. माझे पेपर दोन महिन्यांवर आले आणि नेमका बदलीचा हुकूम आला. नागपूर. सासूबाईंचं पत्र आलं, 'नवरा एकीकडे आणि बायको एकीकडे, हे आपल्या घरात कधी झालं नाही.' यजमान ते पत्र खिशात घालून कचेरीत गेले. संध्याकाळी म्हणाले, "मी पुढे जाऊन घर लावतो. तू पेपर देऊन ये. आईला मी बघतो." त्या एका वाक्याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे.

मी इंदूताईंकडे राहायला गेले, दोन महिन्यांसाठी. परीक्षा पुन्हा लांबली. नंतर आणखी एकदा. त्या सकाळी मी रडत ट्रंक भरायला घेतली. इंदूताई चहाचे दोन कप घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"जायचं तर जा. नवऱ्याची आठवण येते म्हणून जा, कारण चांगलं आहे. तारीख लांबली म्हणून मात्र जाऊ नकोस."

मग खाली बसून त्यांनी सांगितलं. तिशीत असताना त्यांना दिल्लीला चित्रांची निगा शिकायला जागा मिळाली होती. आई आजारी पडली. बरी झाली की जाऊ, म्हणून त्या थांबल्या. आई सहा महिन्यांत बरी झाली आणि पुढे बारा वर्षं ठणठणीत जगली.

"मग गेला का नाहीत?"

"कुणीतरी 'आता जा' म्हणेल म्हणून थांबले. कुणी म्हणालं नाही. आईचा राग नाही हं, माझाच येतो."

मी ट्रंकेतल्या साड्या परत बाहेर काढल्या.

दोन महिन्यांचे सात महिने झाले. शेवटी पेपर झाले. हावड्याला त्या पोचवायला आल्या, सुरई नीट ठेवली, आणि गाडी सुटायच्या आधीच "अजून दोन चित्रं मोजायची आहेत" म्हणून निघून गेल्या. मला फार लागलं ते. परीक्षेत दुसरा वर्ग मिळाला, नागपुरात कॉलेजात नोकरी लागली, आणि गेली कित्येक वर्षं मी मुलींना इतिहास शिकवते आहे.

इंदूताई एकोणऐंशी साली गेल्या. वर्षभर आजारी होत्या, हे मला त्या गेल्यावर त्यांच्या भाचीकडून कळलं. त्याआधी, नोकरीत कायम झाले तेव्हा, मी त्यांना लांबलचक पत्र लिहून आभार मानले होते. त्यांचं उत्तर माझ्याजवळ आहे. पोस्टकार्डावर चारच ओळी.

'आभार उलट मीच मानायला हवेत. आई गेल्यानंतर सकाळचा चहा माझ्यासोबत घ्यायला सात महिने माणूस होतं. आता कबूल करते. तुझी परीक्षा आणखी एकटू पुढे जावी, असं मी रोज देवाला सांगत असे. त्याने दोनदा ऐकलं. मोठ्या मनाने माफ कर.'