मशीनने दिली साडेसहा तासांची झोप

सगळं इस्पितळ त्यांना तारवाले काका म्हणायचं. झोपेच्या तपासणीच्या खोलीत त्यांची एकोणीस वर्षं गेली होती. रुग्णाच्या डोक्याला मलम लावून बारीक तारा चिकटवायच्या, मेंदूच्या लहरी नोंदवायच्या आणि सकाळी त्या आलेखाच्या तीस-तीस सेकंदांच्या प्रत्येक तुकड्यावर शेरा टाकायचा : जाग, हलकी झोप, गाढ झोप. हात इतका बसला होता की चहाचा कप संपेपर्यंत अर्धी रात्र तपासून व्हायची. त्याचा त्यांना अभिमान होता.

एकदा लाँड्रीत इस्त्री करणारी, पन्नाशीची एक बाई नवऱ्याबरोबर आली. चार वर्षं डोळ्याला डोळा लागत नव्हता म्हणे. सकाळी तारा काढताना काकांनी सवयीने विचारलं, "लागली का झोप?"

"कुठली झोप? बाहेर कुणीतरी खुर्ची ओढली, तेसुद्धा ऐकलं मी. टक्क जागी होते."

काकांना हसूच आलं. "बाई, साडेसहा तास झोपलात. वर घोरतही होतात. मशीन काही खोटं बोलत नाही."

न्यायला आलेला नवरा खूश झाला. "मी काय सांगत होतो! अहो, ही मुळातच लहरी. हिच्या लहरी मोजायला मशीन कशाला?" त्याने टाळीसाठी हात पुढे केला आणि काकांनी टाळी दिली.

बाई केसांतलं मलम पुसत होती. जाताना एवढंच म्हणाली, "मग मीच खोटी."

सहा महिन्यांनी नव्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी जुने आलेख काढले आणि त्यातला त्या इस्त्रीवाल्या बाईचा दाखवायला काकांना बोलावलं. "हा तुम्हीच वाचलाय ना?"

"हो. गाढ झोप आहे. लाटा बघा ना, केवढ्या मोठ्या, किती संथ."

"आणि त्या लाटांवर काय आहे?"

मोठ्या लाटांच्या अंगावर बारीक, घाईच्या लहरी होत्या. कंगव्याच्या दातांसारख्या, जागेपणी असतात तशा. काकांना त्या तेव्हाही दिसल्या होत्या. शेरा टाकताना त्या धरायच्या नसतात, म्हणून त्यांनी सोडून दिल्या होत्या.

"नियमाने ही झोपच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण झोपेतही मेंदूचा काही भाग पहाऱ्यावर असावा. अशा माणसाला आपण जागेच होतो असं वाटू शकतं. खात्रीने नाही सांगता येत. पण खोटं तर म्हणताच येत नाही."

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आठवत राहिली ती टाळी. दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी ते पत्ता शोधत लाँड्रीत गेले.

त्यांना पाहताच बाईचा चेहरा उतरला. "आता आणखी काय निघालं?"

काकांनी अडखळत सगळं सांगितलं. तिने इस्त्री उभी करून ठेवली. "खोटी ठरवलंत नवऱ्यासमोर, आणि खरी ठरवताय इथे कोपऱ्यात? घरी माझं नाव 'साडेसहा तास' पडलंय. जावईसुद्धा हसतो. मी बोलणंच सोडलंय."

रविवारी काका तिच्या घरी गेले. नवरा, लेक, जावई सगळे होते. काकांनी आलेखाची गोष्ट सगळ्यांसमोर पुन्हा सांगितली.

"म्हणजे मशीन खोटं?" नवऱ्याने विचारलं.

"मशीन नाही. मी. मी अर्धंच वाचलं आणि यांना हसलो."

जावयाने मान खाली घातली. नवऱ्याने पाण्याचा पेला पुढे केला. तेवढंच त्याला सुचलं असावं.

डॉक्टरीणबाईंनी उपचार सुरू केले. हळूहळू बाईला सकाळी थोडं हलकं वाटू लागलं. काका आता रुग्ण काय सांगतो ते आधी वहीत लिहून घेतात, मगच पडद्याकडे बघतात.

वर्षभराने ती पुन्हा तपासणीला आली. तारा लावायला दुसरं कुणी असेल तर बरं, असं तिने परिचारिकेला हळूच सांगितलं. काकांनी ते ऐकलं. मलमाची डबी टेबलावर ठेवून ते खोलीबाहेर गेले.