सकाळी नऊचं वारं

बायको पुण्याला गेली ती सहा महिन्यांसाठी. सून-मुलगा दोघंही नोकरीला, नातीला पाळणाघरात ठेवायचं नाही, तेव्हा ती चालायला लागेपर्यंत मी जाते, असं ठरलं होतं. नात आता चालतेच काय, पळते, आणि चिडली की चप्पल फेकून मारते. बायको अजून तिकडंच आहे. मीही गेलो होतो बरोबर, पण चौथ्या दिवशी परत आलो. दोन खोल्यांचा फ्लॅट, हॉलमध्ये माझी गादी, आणि पहाटे साडेपाचला चहा करायला उठलो की भांड्याच्या आवाजानं सून दारात येऊन बघायची. बोलायची काही नाही, नुसती बघायची. एक शब्द बोलली असती तरी चाललं असतं मला. मी पिशवी भरली आणि इथं वरव्याला, आपल्या घरी आलो.

इथं जवळच्याच एका छोट्या कारखान्यात मी तीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो. पंपांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग काढायचो. रिटायर झालो, बायको गेली, आणि घरात मी आणि फ्रिजचा आवाज असे दोघंच उरलो. तशात एकदा नातीसाठी कागदी खेळणी शोधता शोधता मोबाईलवर छोट्या रॉकेटचं एक सॉफ्टवेअर दिसलं. फुकट होतं. रॉकेटची लांबी, जाडी, शेपटीच्या पंखांचा आकार, वजन, सगळं भरायचं आणि बटण दाबायचं. किती उंच गेलं, पॅराशूट कधी उघडलं, कुठं जाऊन पडलं, सगळा आलेख समोर येतो. पंख लहान काढले की लाल अक्षरात बजावतं, हे सरळ जाणार नाही. टोमणा न मारता चूक दाखवणारं या घरात ते पहिलंच.

फोनवर बायकोला सांगितलं तर ती हसली. "अहो, नुसतं कॉम्प्युटरवरच उडवणार का खरं काही करणार?"

"खरंही करीन की."

"करा. ज्या दिवशी खरं उडवाल, त्या दिवशी मी येणार. काय वाटेल ते होवो."

झालं! मला कारण मिळालं. खरं सांगायचं तर मला रॉकेटचं एवढं कौतुक नव्हतंच. मला ती यायला हवी होती. पण नुसतं "ये" म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती. तीस वर्षं डबा हातात घेताना "बरं"पलीकडं काही म्हणायची सवय नाही मला, आता या वयात "करमत नाही, ये" कसं म्हणणार? रॉकेट उडवतोय, बघायला ये, हे म्हणता येत होतं.

मग काय, लागलो कामाला. रॉकेटच्या अंगाला कापडाच्या ताग्यातली पुठ्ठ्याची नळी घेतली. टोक पांगाऱ्याच्या लाकडाचं कोरलं. पांगारा हलका, लहानपणी आम्ही त्याचे बैल करायचो. पण सॉफ्टवेअरच्या यादीत परदेशातली सगळी लाकडं आहेत, पांगारा नाही. मग एक चौकोनी तुकडा कापून नसरापूरच्या सोनाराकडं वजन करून आणला, घनता काढली आणि यादीत स्वतः भर घातली : पांगारा. सोनार म्हणाला, काका, हे कुठल्या देवाचं? पॅराशूट बायकोच्या जुन्या नायलॉनच्या पोपटी साडीचं कापलं. विचारून कापलं हं. पुढं उंची मोजणारं बोटाएवढं यंत्र बसवलं. मोटर, म्हणजे रॉकेटला वर ढकलणारी दारूची नळकांडी, मात्र एकच मिळाली, शाळांना असले संच पुरवणाऱ्या पुण्यातल्या एका माणसाकडून, तीही चार महिने त्याच्या मागं लागून.

जागा ठरली वेल्ह्याच्या बाजूला एका वस्तीच्या वरचा माळ. मध्ये उघडा कातळ, गवत पेटायची भीती नाही. मी तीन रविवार तिथं जाऊन सकाळी नऊचं वारं मोजून आलो, कारण बायको पहिल्या एसटीनं निघाली की आम्ही नऊपर्यंत माळावर पोचणार, असा माझा हिशोब. तिथं शेळ्या राखणारी एक मावशी असायची. सत्तरीची असेल, पण चढावर मला मागं टाकायची. हातातलं वारं मोजायचं यंत्र बघून तिला फार मजा वाटायची.

"दादा, त्या भिंगरीला काय कळतंय? सकाळचं वारं लई गरीब असतंय. दीस कलला की पलटतंय, अन् मंग राईकडं ओढतंय."

राई म्हणजे माळाच्या उतारावरची, देवीच्या नावानं राखलेली झाडी. मी मान हलवली आणि मनात म्हटलं, आपल्याला दुपारशी काय करायचंय? घरी येऊन सॉफ्टवेअरमध्ये सकाळचं वारं भरलं. दीडशेच्या वर वेळा उडवलं असेल मी ते स्क्रीनवर. थोडं वारं कमी, थोडं जास्त, रॉकेट ज्यावर उभं करायचं तो रॉड जरा तिरका. दर वेळी एकशे ब्याऐंशी मीटरच्या आसपास जायचं आणि कातळाजवळ चाळीस-पन्नास पावलांवर उतरायचं. दुपारचं वारं एकदाही भरून पाहिलं नाही. दुपारी ती माझ्याबरोबर डबा उघडून बसणार होती ना.

तो रविवार उजाडला. मी सातलाच नसरापूरच्या फाट्यावर स्कूटर लावून उभा. पायाशी रॉकेट, डिकीत बॅटरी, पिशवीत भाकरी, पिठलं आणि तिला आवडतो म्हणून मिरचीचा ठेचा. सगळं मी केलेलं. चहावाला दोनदा म्हणाला, "काका, पाइप कुठं बसवायचाय?" एक एसटी आली, गेली. दुसरी आली. मी प्रत्येक उतरणाऱ्या बाईच्या साडीकडं बघत होतो, च्यायला, लोकांना काय वाटलं असेल! फोन करायचा नाही असं ठरवलं होतं. निघाली असेल, गर्दीत फोन कुठं काढेल?

साडेअकराला तिचाच फोन आला. नातीला पहाटेपासून ताप. मुलगा बाहेरगावी, सुनेला रविवारीही ड्युटी. "अहो, कशी सोडून येऊ तिला? मी सकाळीच सांगणार होते, पण वाटत होतं उतरेल, उतरेल, मग निघता येईल. तुम्ही उडवून घ्या आज. फोटो पाठवा."

"बरं," मी म्हणालो. बघा, तिथंही "बरं"च. पोरीला ताप किती आहे हेसुद्धा विचारलं नाही. एवढा राग आला होता, आणि राग कुणावर करायचा हेच समजत नव्हतं. तापावर?

घरी जायला हवं होतं. पण डोकं फिरलं होतं. म्हटलं, उडवूनच टाकू, एकदाचं संपू दे. फोन डिकीत टाकला आणि स्कूटर वेल्ह्याच्या रस्त्याला लावली. माळावर पोचलो तेव्हा दोन वाजायला आले होते. मावशी हिरड्याच्या झाडाखाली बसली होती. बायको येणार हे तिला मीच सांगून ठेवलं होतं.

"आज घरच्या न्हाई आल्या?"

"नाही."

"मंग आज नगा उडवू. बगा की, शेरडांनी पाठ फिरवलीय. वारं पलटलंय."

मी ऐकलं नाही. मला तिचं ऐकू येत होतं, पण ऐकायचं नव्हतं. रॉड उभा केला, वायरी जोडल्या, पंधरा पावलं मागं आलो. दहापासून उलटे आकडे मोजायचे असतात. मी "दहा" म्हणालो आणि माझाच आवाज ऐकून मला कसंतरी झालं. एकट्यानं मोजायचं कुणासाठी? बटण दाबलं.

आणि काय सांगू तुम्हाला! सुर्रकन गेलं ते. इतकं सरळ, इतकं सरळ! धुराची एक पांढरी रेघ, आणि तिच्या टोकाला ऊन लागून चमकणारा ठिपका. तो वर गेला, जरा थांबल्यासारखा झाला, आणि फट्‌ करून पोपटी छत्री उघडली. मी ओरडलो, "अगं, बघ, बघ!" आणि शेजारी वळलो. शेजारी कोण असणार? गवत होतं.

छत्री खाली आली नाही. वाऱ्यानं तिला उचललं आणि आडवं नेलं, कातळावरून, बांधावरून, उतारावरून, थेट राईत. मी पळत गेलो. राईच्या कडेला शेंदूर लावलेले दगड आहेत, तिथं थांबलो. आत, दहा पावलांवर, एका फांदीला पोपटी कापड लोंबत होतं. आत जाऊन हात वर केला असता तर मिळालं असतं.

मावशी मागून सावकाश आली. "जायचं न्हाई हां, दादा. आतलं वाळकं पानबी बाहीर आणत न्हाईत. पडलं ते आईचं."

"अहो मावशी, माझं आहे ते!"

"व्हतं," ती म्हणाली. मग माझं तोंड बघून तिला दया आली असावी. "आईला साडी चढली म्हणायची. वंगाळ न्हाई काई."

मी याच मातीतला माणूस. तीस वर्षं मोजमापात घालवली, पण त्या दगडांपलीकडं पाय टाकायची छाती झाली नाही. उंची मोजणारं यंत्र आत राहिलं, म्हणजे किती उंच गेलं तेही कळणार नव्हतं. फोन डिकीत होता, म्हणजे फोटोही नाही. मावशीला अर्धी भाकरी दिली, अर्धी मी खाल्ली. ठेचा तसाच परत आणला.

घरी आलो तोवर दिवेलागण झाली होती. हातपाय धुतोय तोच तिचा फोन.

"पोरीचा ताप उतरला. झोपलीय आता." मग अगदी बारीक आवाजात, "उडवलंत का हो?"

खरं ओठांवर आलं होतं. सांगायचं होतं, अगं, काय गेलं ते! पण तो आवाज ऐकला आणि तोंडातून निघालं, "नाही."

"नाही? का?"

"वारं बरोबर नव्हतं."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"बरं झालं बाई. मी म्हणाले खरी उडवून घ्या, पण दिवसभर जीव थाऱ्यावर नव्हता. वाटलं, माझ्यावाचून उडालं म्हणजे झालंच. आता तुम्हाला मला बोलवायला काही कारण राहिलंच नाही."

मी दारात उभा होतो. अंगातल्या शर्टाला अजून फटाक्याच्या धुरासारखा वास येत होता. घरात रॉकेट नाही, मोटर नाही, आणि दुसरी मिळायला किती महिने जातील देव जाणे. तरी मी म्हणालो, "तुझ्याशिवाय कसं उडवीन?" एवढं लांब वाक्य मी तिला कधी बोललो असेन, आठवत नाही. आणि तेही खोटं.

"येते मी. नक्की येते," ती म्हणाली. आवाज एकदम हलका झाला होता, लग्नाच्या नव्या नवलाईत असायचा तसा. "अहो, वर जाताना कसं दिसत असेल हो ते?"

"काय माहीत," मी म्हणालो. "मी तरी कुठं पाहिलंय?"