ममताच्या फोल्डरमधलं हेडर

अशा गोष्टी कोणी सांगायला लागलं की मी उठून जायची. प्रोग्रामिंग करणाऱ्या माणसाला प्रत्येक गोष्टीचं कारण लागतं... म्हणून हे लिहिताना अजूनही संकोच वाटतो.

२००८ च्या आसपास गोंदियात स्टेशनजवळच्या एका छोट्या ऑफिसात आम्ही दोघी वेबसाइट बनवायचो. मी आणि सौंदड गावची ममता. एका समाजाच्या वधू-वर परिचयाची साइट पीएचपी या प्रोग्रामिंगच्या भाषेत सुरू होती. पानाचा वरचा भाग, म्हणजे हेडर, वेगळ्या फाईलमध्ये असायचा. पान उघडलं की इन्क्लुड या आज्ञेने तो तिथून उचलला जायचा. ममता मात्र पाथ, म्हणजे त्या फाईलचा पत्ता, द्यायची तो थेट तिच्या घरच्या कॉम्प्युटरचा — डी ड्राइव्ह, ‘ममता’ फोल्डर.

‘अगं, सर्व्हरवर तुझ्या घरची फाईल कुठून सापडणार?’

‘शेवटी बदलून टाकू ना सगळं,’ ती म्हणायची.

हेडरच्या हिरव्या पट्टीवर तिनं लिहिलं होतं — ‘या, बसा जी.’

साइट पूर्ण व्हायच्या आधीच काविळीचं निमित्त झालं आणि ममता गेली.

पुढे मी तिची पानं सर्व्हरवर चढवली. हेडर तिच्या घरीच राहिलेलं, त्यामुळे सगळीकडे एरर येणार हे ठाऊकच होतं. आलीही... फक्त ‘संपर्क’ पान सोडून. तिथं हिरवी पट्टी होती आणि ‘या, बसा जी.’

कोड उघडला. पाथ तोच, डी ड्राइव्हचा. सर्व्हरवर ती फाईल नव्हतीच. समोरच्या सायबर कॅफेत जाऊन दुसऱ्या कॉम्प्युटरवर पाहिलं — तेच.

शेवटी तिच्या बाबांना फोन लावला. ‘काकाजी, ममताचा कॉम्प्युटर चालू आहे का?’

‘नाही बाई. ते गेली तवापासून बंदच हाय. तिची माय पुसून ठेवते, बस. काऊन?’

का विचारलं ते मी सांगितलं. मग म्हणाले, ‘मी येतो. मले दाखवजो.’

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं आले. पिशवीत माझ्यासाठी नव्या धानाचे पोहे. मी पान उघडलं. त्यांनी चष्मा लावून हळूहळू वाचलं, ‘या... बसा जी,’ आणि खुर्चीवर बसले.

‘घरी कोणी आला का असंच म्हणे ते,’ एवढंच बोलले.

निघताना म्हणाले, ‘अजून एक डाव पाहू दे.’ मी रिफ्रेश केलं. पट्टी नाही. पांढऱ्या पानावर इंग्रजी एरर, त्यात ‘ममता’ फोल्डरचा तोच पाथ. परत केलं... परत.

‘आता काऊन नाही येऊन राहिली?’

त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. तेवढी इंग्रजी अक्षरं त्यांच्या ओळखीची होती. ‘हे ममताचं नाव हाय ना? काय लिवलं हाय?’

‘सापडत नाही म्हणते, काकाजी.’

त्यांनी मान हलवली आणि सावकाश जिना उतरून गेले.

नंतर मी सगळे पाथ बदलले. जाणकारांना विचारलं. कोणी म्हणालं कॅशे, म्हणजे कॉम्प्युटरनं साठवलेली पानाची जुनी प्रत असेल, कोणी म्हणालं भास. पण त्या दुपारी त्या खोलीत आम्ही दोघं होतो, आणि ते दोघांनीही वाचलं. त्यापुढे मला काही सांगता येत नाही...