कवळी कुठे ठेवलीस?

सासूबाईंची कवळी मी हरवली तेव्हा त्यांच्या भाषणाला साडेचार तास उरले होते.

भाषण साधंसुधं नव्हतं. आमच्या आई (म्हणजे सासूबाई, माझ्या आईचे दात अजून तिचेच आहेत आणि ते ती माझ्यावर नियमित खाते) बोरिवलीतल्या एका शाळेत बत्तीस वर्षं मराठी शिकवत होत्या. त्यांच्या जुन्या मुलांनी, म्हणजे आता पन्नाशी गाठलेल्या आणि टक्कल पडलेल्या मुलांनी, शाळेच्याच हॉलमध्ये त्यांचा सत्कार ठेवला होता. आईंनी भाषण लिहिलं, पाठ केलं आणि आठवडाभर बाल्कनीतल्या कुंड्यांना ऐकवलं. 'स' आणि 'श' यांच्यातला फरक ज्यांनी शेकडो पोरांच्या कानात ओतला, त्या बाईंची वरची कवळी सत्काराच्या तीन दिवस आधी चिक्की खाताना तडकली!

डेंटिस्ट म्हणाला, रविवारी सकाळी अकराला घेऊन जा. घरात कामं वाटली गेली. माझा नवरा नितीन हॉलवर जाऊन माइक आणि खुर्च्या बघणार. लेक रेवा आजीची साडी, केस, गजरा बघणार. आणि मी कवळी आणणार.

"सुजाता, एकच काम आहे," नितीन म्हणाला.

"हो रे."

"एकच."

"ऐकलं ना!"

"ऐकलंस गं. तुझ्या ऐकण्याबद्दल माझी काही तक्रार नाही."

त्याचंही बरोबर होतं. मला एडीएचडी आहे. हे मला त्रेचाळिसाव्या वर्षी कळलं. तोवर आमच्याकडे त्याला धांदरटपणा म्हणत आणि त्यावरचा उपाय म्हणून मला बदाम खायला घालत. डॉक्टरांनी सगळं नीट समजावून सांगितलं आणि पंधरा दिवसांनी बोलावलं. ती तारीख मी विसरले. पुढची तारीख लिहून ठेवली आणि ती वही विसरले. तिसऱ्या वेळी मात्र वेळेवर पोचले, फक्त एक दिवस उशिरा. रिसेप्शनवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, न येणं हे लक्षणातच धरतो आम्ही. पण ट्रीटमेंट पाहिजे तर यावं लागतं." उपचार अजून सुरू व्हायचे आहेत. फाइल घरातच आहे. कुठेतरी.

लोकांना वाटतं, हिचं लक्ष नसतं. असतं हो! माझं लक्ष म्हणजे सिग्नल बंद पडलेला चौक आहे. सगळ्या बाजूंनी गाड्या येतात आणि प्रत्येक गाडीला मीच 'या, या' म्हणते.

तर अकराला मी डेंटिस्टकडे हजर. कवळी निळ्या डबीत, डबी दवाखान्याच्या पांढऱ्या पिशवीत, पिशवी माझ्या हातात. आता सरळ घरी. वाटेत इस्त्रीवाला दिसला, म्हटलं आईंची साडी झाली का विचारू. नव्हती झाली. शेजारी झेरॉक्सचं दुकान दिसलं, तर सोसायटीच्या पार्किंगचा फॉर्म आठवला. फॉर्म घरीच होता, हे काउंटरवर पोचल्यावर आठवलं. तरी उगाच बरं दिसत नाही म्हणून दोन पेनं घेतली. बाहेर आले तर समोर मासळी बाजार! आणि आज रविवार! रविवार म्हणजे मासे, हे माझ्या डोक्यातलं एकमेव पक्कं वेळापत्रक. सुरमई अशी चकाकत होती की काय सांगू.

साडेबाराला मी विजयी मुद्रेने घरात शिरले आणि पिशवी ओट्यावर ठेवली.

आईंनी पिशवीत डोकावून पाहिलं. तोंडावर पदर होता, पण डोळे बोलत होते.

"फुजाता," त्या म्हणाल्या, "आज फंकष्टी!"

वाट लागली! सकाळी मीच त्यांना साबुदाणा भिजवून दिला होता. (खिचडी करायची राहिली होती, ती गोष्ट वेगळी.) मी सुरमई फ्रीजरमध्ये पार मागे ढकलली, हात धुतले, कान पकडले.

"अफू दे," आई म्हणाल्या. "कवळी?"

मी हाताकडे पाहिलं. हातात दोन पेनं होती.

पर्स उलटी केली. त्यातून चष्मा पुसायची तीन कापडं, एक चमचा, एका लग्नाची पत्रिका (त्या जोडप्याला आता मुलगी आहे) आणि टीव्हीचा रिमोट निघाला.

"मम्मी!" रेवा किंचाळली. "हा रिमोट आपण चार दिवस शोधतोय!"

"मिळाला ना मग!"

"आणि आजीचे दात?"

तेवढ्यात नितीनचा फोन. "माइक झकास आहे. शेवटच्या रांगेपर्यंत एकेक अक्षर स्पष्ट ऐकू येतंय. कवळी आणलीस ना?"

"प्रोसेसमध्ये आहे," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

शोधमोहिमेवर मी आणि रेवा निघणार होतो. पण आईंनी चपला घातल्या. दात त्यांचे होते, हक्क त्यांचा होता. आम्ही रिक्षा केली आणि मी जिथे जिथे गेले होते तिथे तिथे निघालो. मागच्या सीटवर मधोमध आई, तोंडाला पदर लावून, एखाद्या गुप्त साक्षीदारासारख्या.

डेंटिस्टकडची मुलगी म्हणाली, "डबी तुमच्या हातात दिली मी. पण थांबा, सकाळी द्यायची राहिली, ही छत्री तुमची ना? मागच्या वर्षी रूट कॅनलला आला होतात." माझीच होती. मी आनंदाने छत्री नाचवत रिक्षात आले. कुणालाही आनंद झाला नाही.

इस्त्रीवाला म्हणाला, "डिब्बा तो नहीं देखा भाभी. लेकिन ये चाबी आप की है ना? सुबह देना भूल गया. साब के पँट में थी, आप को दिया था, आप यहीं रख के चली गयीं." घराची किल्ली! जी हरवली म्हणून नितीनने अख्खं लॅच बदललं होतं आणि ती 'त्यानेच' हरवली यावरून मी त्याला सहा महिने ऐकवत होते.

"हे बाबांना सांगायचं?" रेवाने विचारलं.

"आधी दात," मी म्हटलं. "एका वेळी एकच काम करावं माणसाने."

झेरॉक्सवाल्या काकांनी मला पाहताच ड्रॉवर उघडला. "आवो आवो, बेन! किती दिवस वाट बघतो मी. सकाळी काउंटरवर पोरगा होता, त्याला ठाऊक नाय." आणि त्यांनी प्लास्टिकच्या फोल्डरमधून एक कागद काढला. रेवाचं दहावीचं मार्कशीट. ओरिजिनल! मशीनच्या काचेवरच राहिलं होतं. या कागदासाठी आम्ही पोलिस स्टेशनला हरवल्याची तक्रार दिली होती, बोर्डाच्या ऑफिसात खेपा घातल्या होत्या आणि नवीन प्रत आणली होती. रेवाला सांगितलं होतं की शाळेच्या क्लार्कने गहाळ केलं. त्या बिचाऱ्या क्लार्कशी ती दोन वर्षं बोलत नव्हती!

रेवा मार्कशीटकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. काही बोलली नाही. ती बोलते तेव्हा बरं असतं.

आणि तिथे, झेरॉक्सच्या पायरीवर, माझा बांध फुटला. हसण्याची गोष्ट होती, मला माहीत आहे. मी स्वतः हे किस्से ऑफिसात सांगून लोकांना हसवते. पण घड्याळात दोन वाजले होते आणि रिक्षात एक शहात्तर वर्षांची बाई तोंड झाकून बसली होती, माझ्यामुळे. रिक्षात बसले आणि ढसाढसा रडले.

आईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "लहानपणापाफून अफंच?"

"हो आई."

"मग शाळेत काय व्हायचं?" (शब्द सुधारून लिहितेय. त्यांना आवडणार नाही नाहीतर.)

"काही नाही. वर्गाबाहेर उभं करायचे. मराठीच्या बाई तर रोज. बाहेरच्या बदामाच्या झाडाला किती फांद्या होत्या ते आजही सांगू शकते मी."

आई एकदम गप्प झाल्या. मला वाटलं, दात नाहीत म्हणून.

"मासळी बाजार राहिलाय," रेवा हळूच म्हणाली.

मी सुरमईवाल्या कोळीण मावशींसमोर उभी राहायच्या आत त्याच ओरडल्या, "अगो बाय, कुठं होतीस? तुझी पिशवी ठेवलीय ना मी!"

सुरमई हातात घेऊन तिचे कल्ले बघताना हातातलं सगळं मी मावशींच्या फळीवर ठेवलं होतं. जाताना सुरमई आणि पेनं उचलली आणि दात ठेवले.

"कुठे आहे?"

"बर्फात! दवाखान्याची पिशवी बघितली, म्हटलं इंजेक्शन-बिंजेक्शन असेल. उन्हात ठेवलं तर खराब व्हायचं ना!" आणि मावशींनी कोपरापर्यंत हात घालून, दोन पापलेटांच्या मधून, पाणी गळणारी पिशवी वर काढली.

मी म्हटलं, "मावशी, जरा हळू बोला. रिक्षात सासूबाई आहेत, त्यांना संकष्टी आहे."

"सासू आलीय?" मावशींना आनंद झाला. त्या स्वतःच उठल्या आणि बर्फाचं पाणी सांडत थेट रिक्षापाशी गेल्या. "घ्या आजी, तुमचं औषध! एकदम ताजं राहिलंय!"

आईंनी डबी उघडली. आत कवळी, थंडगार, आणि वास असा की रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं. मी डोळे मिटून घेतले. एकूण आयुष्यात केलेल्या सगळ्या चुका मला त्या क्षणी लहान वाटायला लागल्या.

मग पदराआडून आवाज आला.

"उपाफ मोडलाच आहे दातांनी," आई मावशींना म्हणाल्या. "निदान पापलेट तरी चांगलं होतं ना?"

मावशी हसल्या, रेवा हसली, रिक्षावाला काही न कळता हसला. मी रडत होते ती तशीच हसायला लागले, आणि ते फार विचित्र दिसतं असं रेवाचं म्हणणं आहे.

घरी येऊन कवळी पाच वेळा धुतली. टूथपेस्टने, लिंबाने, मिठाने, पुन्हा टूथपेस्टने, आणि शेवटी आईंनी स्वतः अथर्वशीर्ष म्हणत. पाच वाजता आम्ही हॉलमध्ये होतो. आई पहिल्या रांगेत, गजरा माळून, तोंडात दोन वेलदोडे ठेवून. मी सगळ्यात मागे, भिंतीला टेकून उभी. बसले की माझा पाय हलतो आणि सगळी रांग हलते.

आईंनी पाठ केलेलं भाषण केलंच नाही. 'स' आणि 'श' बाणासारखे सुटत होते, पण शब्द वेगळेच होते. त्या म्हणाल्या, "बत्तीस वर्षं मी मुलांना एकच वाक्य सांगितलं, लक्ष द्या. ज्यांनी दिलं नाही त्यांना वर्गाबाहेर उभं केलं. बाहेर उभं राहून तुला काय दिसलं, असं मी एकालाही विचारलं नाही. आज दुपारी माझ्या सुनेबरोबर दोन तास रिक्षात फिरले. तिच्या मागे किती शोधाशोध असते आणि ती रोज नव्याने कशी हसत उभी राहते, ते पाहिलं. म्हणून त्या सगळ्या बाहेरच्या मुलांची मी माफी मागते. आणि आजचा हा सत्कार मी माझ्या सुजाताला देते. ती बघा, ती मागे उभी आहे."

तिसऱ्या रांगेतल्या एका टकल्या गृहस्थांनी रुमाल काढला म्हणे. नितीनने चष्मा पुसला. अख्खा हॉल उठून मागे वळला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

हे सगळं मला घरी आल्यावर रेवाने सांगितलं. कारण त्या वेळी मी मागच्या भिंतीवरची माजी मुख्याध्यापकांची यादी वाचत होते. चौथ्या आणि पाचव्या नावाच्या मध्ये दोन वर्षं शाळेला मुख्याध्यापकच नव्हता! का नसेल? या विचारात असताना टाळ्या ऐकू आल्या, वळून बघते तर दोनशे लोक माझ्या दिशेने बघतायत. म्हणून मीही मागे वळून पाहिलं, कोण एवढं मोठं आलंय ते. कुणीच नव्हतं. पण सगळे वाजवतायत आणि आपण गप्प, हे वाईट दिसतं ना, म्हणून मीही खूप जोरात टाळ्या वाजवल्या.